विश्लेषण : कल्याणमध्ये उभ्या होत्या ३२ रेडिओ तबकड्या! गोविंद स्वरूप यांची ती ‘शाळा’ आज का आठवायची?

कल्याण म्हटले की दुर्गाडी किल्ला, डॉ. आनंदीबाई जोशी आणि फलाटावरची गर्दी आठवते. रेडिओ खगोलशास्त्र कोणालाच आठवत नाही. पण जुन्नर तालुक्यातील खोडदची जीएमआरटी ही जगातील मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक दुर्बीण ज्या गटाने उभारली, त्या गटाची पहिली दुर्बीण १९६५मध्ये कल्याणला सुरू झाली होती. त्या गटाचे प्रमुख होते प्रा. गोविंद स्वरूप.

ही केवळ स्थानिक अभिमानाची गोष्ट नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून दरवर्षी हजारो मुले विज्ञानाच्या स्पर्धा परीक्षा देतात, त्यातली बरीच पुढे अभियंता होतात. संशोधनाकडे वळणारी मोजकीच. मधल्या वाटेवर नेमके काय हरवते, याचे उत्तर शोधायला कल्याणचा हा प्रयोग उपयोगी पडतो.

तबकड्या कल्याणला आल्या कशा?

गोविंद स्वरूप यांचा जन्म १९२९चा, उत्तर प्रदेशातला. अलाहाबाद विद्यापीठातून एमएस्सी केल्यावर ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत, के. एस. कृष्णन यांच्या हाताखाली रुजू झाले. १९५३मध्ये कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर ते ऑस्ट्रेलियाला गेले. तिथे सिडनीजवळच्या पॉट्स हिल जलाशयाच्या काठावर ख्रिस्तियानसेन या शास्त्रज्ञाने सूर्याच्या अभ्यासासाठी ३२ छोट्या तबकड्यांची रांग उभी केली होती. ख्रिस्तियानसेन यांची पुढची, मोठी दुर्बीण दुसरीकडे होणार होती आणि जुन्या तबकड्या बिनकामाच्या ठरणार होत्या. त्या भारताला द्या, असे स्वरूप यांनी सुचवले आणि ऑस्ट्रेलियाने ते मान्यही केले.

अडले ते बोटीच्या भाड्यावर! परकीय चलनाचा तो काळ, वाहतुकीच्या खर्चासाठी मंजुरी मिळेना. स्वरूप १९५६मध्ये अमेरिकेला गेले आणि १९६१मध्ये स्टॅनफर्डमधून त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. त्याच वर्षी परदेशात असलेल्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी, म्हणजे स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारण्याचा प्रस्ताव देशातील वेगवेगळ्या संस्थांना पाठवला. सर्वांत ठाम उत्तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, म्हणजेच टीआयएफआरच्या होमी भाभांकडून आले. जानेवारी १९६२मध्ये त्यांनी तारेने होकार कळवला. स्वरूप १९६३मध्ये परतले. दिल्लीत येऊन पडलेल्या तबकड्या टीआयएफआरकडे आल्या आणि तिथून कल्याणला.

१.८ मीटरची तबकडी काय पाहणार?

एकटी काहीच नाही. इथे थोडे गणित करू, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

कल्याणची दुर्बीण ६१० मेगाहर्ट्झवर चालायची. म्हणजे तरंगलांबी साधारण ४९ सेंटिमीटर. दुर्बिणीला दोन जवळचे बिंदू वेगळे दिसतील की नाही, हे तरंगलांबी भागिले दुर्बिणीचा आकार यावर ठरते. ४९ सेंटिमीटरला १.८ मीटरने भागले तर कोन येतो साधारण १५ अंश. आकाशातला सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाचा. म्हणजे एका तबकडीला सूर्य, त्याच्या कडा, त्यावरचे डाग हे सगळे एकच गोळाबेरीज वाटणार.

पण तबकड्या दूरदूर मांडून त्यांचे संकेत नेमक्या वेळेत एकत्र आणले, तर पहिल्या आणि शेवटच्या तबकडीतले अंतर हाच दुर्बिणीचा आकार ठरतो. कल्याणला २४ तबकड्या पूर्व-पश्चिम दिशेत ६३० मीटर अंतरात होत्या आणि ८ तबकड्या उत्तर-दक्षिण दिशेत २५६ मीटर अंतरात. लोकलच्या प्रवाशांसाठी सांगायचे तर उत्तर-दक्षिण रांग म्हणजे बारा डब्यांची एक लोकल, आणि पूर्व-पश्चिम रांग म्हणजे अशा जवळपास अडीच लोकल एकापुढे एक. आता ४९ सेंटिमीटरला ६३० मीटरने भागा. सूर्यबिंबाचा दहावा-बारावा हिस्सा वेगळा ओळखता येईल, इतका बारीक कोन मिळतो.

यात अवघड भाग तबकडी नसतो. ३२ ठिकाणांहून येणारे संकेत तारांमधून एकाच ठिकाणी, एकाच तालात पोहोचले पाहिजेत. एखाद्या तारेची लांबी किंचित चुकली, उन्हाने ती थोडी प्रसरण पावली, तरी ताल बिघडतो. अभियांत्रिकीच्या अँटेना विषयात आम्ही पॅराबोलिक डिशची सूत्रे पाच-पाच गुणांसाठी पाठ केली. ती सूत्रे कल्याणच्या मातीत उभी राहिली होती, हे चार वर्षांत एकाही तासाला कानावर आले नाही.

१९६५ ते १९६८ या काळात या दुर्बिणीने सूर्याच्या बाह्य प्रभामंडळाचा, म्हणजे करोनाचा अभ्यास केला. सूर्याचा डोळ्यांना दिसणारा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. त्याबाहेरचे विरळ प्रभामंडळ मात्र दहा लाख अंशांच्या घरात तापलेले असते. कल्याणच्या नोंदींतूनही तेच तापमान पुढे आले आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याच्या कडा अधिक तेजस्वी असल्याचेही दिसले. (जाता जाता : कोरोना विषाणूला ते नाव १९६८मध्ये या प्रभामंडळाशी असलेल्या साम्यावरूनच मिळाले.)

मग याला ‘शाळा’ का म्हणायचे?

कारण कल्याणमधून बाहेर पडलेली सर्वांत मोठी गोष्ट सूर्याचे तापमान नव्हती. बाहेर पडली ती माणसे.

स्वरूप परतले तेव्हा देशात या विषयाचे तयार मनुष्यबळ जवळपास नव्हते. एन. व्ही. जी. सरमा, एम. एन. जोशी यांच्यासारखे थोडे अनुभवी सहकारी आणि विजय कपाही यांच्यासारखे नुकतेच प्रशिक्षण संपवलेले तरुण, एवढ्यावर काम सुरू झाले. या तरुणांना आधी दोन वर्षे सिद्धान्त शिकवून मग दुर्बीण दाखवण्याची चैन नव्हती. दुर्बीण उभारता उभारताच शिकायचे होते. आयती मिळालेली तबकडी, पण रिसीव्हर स्वतः जुळवायचा, जोडण्या स्वतः तपासायच्या, आणि आलेल्या नोंदीचा अर्थही स्वतःच लावायचा.

पुढच्या पाच वर्षांत याच गटाने उटीला काय केले ते पाहा. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दंडगोलाकार रेडिओ दुर्बीण त्यांनी डोंगराच्या उतारावर बसवली. उतार असा निवडला, की तो उटीच्या अक्षांशाइतका, म्हणजे ११ अंशांचा असावा. त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि ती एकाच दिशेत फिरवून एखाद्या स्रोताचा तासन्‌तास पाठलाग करता येऊ लागला. महागडी यंत्रणा टाळण्याचा हा डोकेबाज उपाय होता. १९७०मध्ये ती सुरू झाली. कल्याणच्या तबकड्या भेट मिळाल्या होत्या. उटीची दुर्बीण इथेच कल्पिली, आखली आणि बांधली गेली.

त्यानंतर खोडद. २५ किलोमीटरच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वजन आणि खर्च दोन्ही झेपले नसते. स्वरूप आणि सहकाऱ्यांनी दोरखंडांच्या आधारावर ताणलेली तारेची जाळी वापरली. वारा तिच्यातून निघून जातो, रेडिओ लहरी मात्र परतवल्या जातात. कपाही पुढे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे, म्हणजे एनसीआरएचे संचालक झाले. कल्याणच्या रांगेत उमेदवारी केलेला तरुण जीएमआरटीच्या संस्थेचा प्रमुख झाला!

शिष्य घडतो म्हणजे तो गुरूची री ओढतो असे नाही, हेही या गटात दिसले. सत्तरच्या दशकात उटीच्या निरीक्षणांवरून स्वरूप आणि कपाही यांनी दाखवले, की दूरचे, म्हणजे प्राचीन रेडिओ स्रोत जवळच्यांपेक्षा वेगळे आहेत. याचा कल महास्फोट सिद्धान्ताच्या बाजूने होता. त्याच वेळी त्याच टीआयएफआरमध्ये १९७२पासून डॉ. जयंत नारळीकर काम करत होते, आणि ते जगभर ओळखले जात ते महास्फोटाला विरोध करणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धान्तासाठी. एकाच संस्थेत विश्वाच्या जन्माबद्दल दोन मते. विद्यार्थ्याला विज्ञान कसे चालते हे कळायला यापेक्षा चांगला वर्ग कोणता?

व्याख्यान आणि मार्गदर्शन यांत फरक काय?

मराठी घरांत खगोलशास्त्र पोहोचवण्याचे सर्वांत मोठे श्रेय नारळीकरांचेच, यात वाद नाही. मे २०२५मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या पोस्टकार्डांची आठवण अनेकांनी सांगितली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते म्हणत, एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल. त्यांनी १९८८मध्ये पुण्यात उभारलेल्या आयुकात शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्याने सुरू झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना शास्त्रज्ञासोबत आठवडाभर काम करता येईल असा उपक्रमही सुरू झाला.

पोस्टकार्डाची युक्ती साधी वाटते. पण तिच्यात एक अट लपलेली आहे : आधी तुझा प्रश्न. सभागृहात पाचशे मुले बसतात, शेवटी तीन जण प्रश्न विचारतात, उरलेली सेल्फी काढून घरी जातात. पोस्टकार्ड लिहिणाऱ्या प्रत्येकाला मात्र आपला प्रश्न शोधावाच लागतो. व्याख्यानाने ओढ लागते, ती टिकवायला कोणाचा तरी वेळ लागतो. आठवडाभराचा, महिनाभराचा, काही वेळा पाच वर्षांचा.

स्वरूप यांनाही हे पुरेपूर कळले होते. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू वि. गो. भिडे यांच्यासोबत त्यांनी बारावीनंतर पाच वर्षांचे, संशोधनाशी जोडलेले विज्ञान शिक्षण देणाऱ्या संस्थेचा प्रस्ताव मांडला होता. तशा संस्था, म्हणजे आयसर, पुणे आणि कोलकात्यात २००६मध्ये सुरू झाल्या. स्वरूप यांचे ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात निधन झाले.

ठाणे-डोंबिवलीच्या मुलांपुढे आज काय आहे?

ओढ लावणारे बरेच आहे. ठाण्याचे दा. कृ. सोमण वर्षानुवर्षे ग्रहणे, उल्कावर्षाव आणि पंचांगामागचे खगोलशास्त्र सोप्या मराठीत सांगत आले आहेत. कल्याणला आकाश मित्र मंडळ आहे. खगोल मंडळाच्या वांगणीच्या रात्री तर या पट्ट्यातल्या दोन पिढ्यांनी जागवल्या आहेत. शेवटच्या कर्जत लोकलने जायचे, पहाटेच्या गाडीने परतायचे. आता वांगणीपर्यंतही इमारतींचे दिवे पोहोचले आहेत, हा वेगळा विषय.

स्पर्धाही आहेत. सहावी आणि नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा ठाणे-डोंबिवलीतल्या घरांना नवी नाही. प्रयोग आणि कृती संशोधन हा तिचा गाभा. दुर्दैवाने त्याचेही क्लास निघाले आहेत आणि कृती संशोधनात कृती पालकांची, संशोधन क्लासचे, असे चित्र अनेक घरांत दिसते. पुढे अकरावी-बारावीत खगोलशास्त्र ऑलिम्पियाड. नोव्हेंबरच्या सुमारास पहिली राष्ट्रीय परीक्षा, मग दुसरी फेरी, मग मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात निवड शिबिर. ऑगस्ट २०२५मध्ये याच विषयाचे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड मुंबईत झाले, ६०हून अधिक देशांतली मुले आली. हे केंद्रही टीआयएफआरचेच. ठाण्याहून वाशीमार्गे मानखुर्द तासाभराच्या अंतरावर.

पण या वाटेवर शेवटपर्यंत जाणारे पाच जण असतात. बाकीच्यांचे काय? दहावीनंतर बहुतेकांचे आकाश जेईईच्या वेळापत्रकात बंद होते. अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला की घरचे म्हणतात, आता छंद म्हणून कर ना! आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प? तो तयार मिळतो, हे गुपित राहिलेले नाही.

खरी गळती इथे आहे, शाळेत नाही. आणि नेमका इथलाच विद्यार्थी रेडिओ खगोलशास्त्राला सर्वांत उपयोगी आहे. कल्याणपासून खोडदपर्यंतचे काम अँटेना, रिसीव्हर, सिग्नल प्रोसेसिंग, संगणक यांवरच उभे राहिले. हे सगळे विषय आपल्या इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक शाखांत शिकवले जातात, फक्त ते कशासाठी शिकायचे याच्या यादीत आकाश नसते.

काही दारे उघडी आहेत, पण ती माहीत नसतात. एनसीआरए आणि आयुका मिळून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पुण्यात रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात. टीआयएफआरचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम आहे. कलिन्याच्या मुंबई विद्यापीठ संकुलात काम करणारे डॉ. आनंद होता यांनी २०१३मध्ये ‘रॅड अ‍ॅट होम’ हा नागरिक-विज्ञान उपक्रम सुरू केला. विज्ञान वा अभियांत्रिकीची पार्श्वभूमी असलेल्या कोणालाही ते दीर्घिकांच्या रेडिओ, अवरक्त आणि दृश्य प्रतिमा रंग देऊन एकमेकींवर ठेवून वाचायला शिकवतात. त्यातून सापडलेल्या वेगळ्या दीर्घिकांवर पुढे जीएमआरटीने निरीक्षणे होतात आणि शोधनिबंधही निघतात. नोकरी सांभाळून, घरच्या लॅपटॉपवर. एका संशोधकाने ठरवले तर काय होते, याचे हे हाताशी असलेले उदाहरण.

काळोख नाही, मग कल्याणमधून आकाश कसे पाहणार?

डोळ्यांनी नाही, अँटेनाने. शहरातून आकाशगंगा दिसत नाही, हे खरे. पण रेडिओ लहरींना पथदिवे, धुरके किंवा जुलैचे ढग फारसे अडवत नाहीत. त्या दिवसाही मिळतात.

विश्वात सर्वाधिक असलेला हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर क्षीण लहरी सोडतो. १९५१मध्ये हार्वर्डच्या इवेन आणि पर्सेल यांनी त्या पहिल्यांदा पकडल्या, त्या प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसवलेल्या लाकडी भोंग्यासारख्या अँटेनाने. तोच भोंगा आज पुठ्ठा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून बनतो. त्याला एक कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर, लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर आणि मोफत मिळणारे सॉफ्टवेअर. सगळा खर्च मध्यम किमतीच्या मोबाइलपेक्षा कमी. मोबाइल टॉवरचा गोंगाट असतो, पण १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा जगभर खगोलशास्त्रासाठी राखून ठेवलेला आहे.

आकाशगंगेकडे भोंगा वळवला की आलेखात उंचवटा दिसतो. तो १४२०च्या थोडा डावी-उजवीकडे सरकलेला असतो, कारण तो हायड्रोजन आपल्याकडे येत किंवा दूर जात असतो. सेकंदाला १०० किलोमीटर वेग असेल, तर सरकणे साधारण अर्धा मेगाहर्ट्झ. म्हणजे डोंबिवलीच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरून आकाशगंगा फिरते आहे, हे मोजता येते. चार जणांच्या गटाला शेवटच्या वर्षासाठी यापेक्षा चांगला प्रकल्प सुचत असेल तर त्यांनी जरूर सुचवावा.

योगायोग असा, की कल्याणच्या तबकड्या पॉट्स हिलला मुळात याच २१ सेंटिमीटरसाठी बनवल्या गेल्या होत्या. आणि जानेवारी २०२३मध्ये अर्णब चक्रवर्ती व निरुपम रॉय यांनी जीएमआरटीने एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत पकडल्याचे जाहीर केले. सुमारे ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेल्या त्या लहरी विश्वाच्या प्रसरणाने ताणल्या जाऊन आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास. कल्याणचा रिसीव्हर लावलेला असायचा ६१०वर.

काय करता येईल?

महापालिकांनी तारांगणाच्या घोषणा जरूर कराव्यात, पण त्याआधी या पट्ट्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी गच्चीवर एकेक भोंगा बसवावा. तो विकत आणू नये, विद्यार्थ्यांनीच बनवावा आणि पुढच्या तुकडीने सुधारावा. तीन-चार महाविद्यालयांनी घड्याळे जुळवून एकाच वेळी निरीक्षण करायचे ठरवले, तर ३२ तबकड्यांचे संकेत एका तालात आणणे म्हणजे काय, हे आपोआप कळेल.

मार्गदर्शनाच्या तासांना प्राध्यापकांच्या आणि संशोधकांच्या मूल्यमापनात जागा मिळणे जास्त कठीण आहे आणि जास्त गरजेचेही. शोधनिबंध मोजले जातात, व्याख्यानांची छायाचित्रे अहवालात जातात. एखाद्या विद्यार्थ्यासोबत बिघडलेली जोडणी शोधण्यात गेलेली संध्याकाळ कुठेच नोंदली जात नाही. स्वरूप यांच्या कारकिर्दीतून अशा संध्याकाळी वजा केल्या, तर उटी आणि खोडद दोन्ही उरत नाहीत.

ज्यांना हे काम प्रत्यक्ष पाहायचे आहे, त्यांच्यासाठी : २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते आणि जीएमआरटी सर्वांना पाहता येते. शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी तिथे आपले प्रकल्पही मांडतात. रस्ता कल्याणहूनच जातो : मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, मग नारायणगावकडे वळून खोडद. हिवाळी शाळेचे आणि ऑलिम्पियाडच्या पहिल्या फेरीचे अर्ज त्याआधीच्या काही महिन्यांत येतात, तेव्हा दिवाळीपूर्वीच संबंधित संस्थांच्या संकेतस्थळांवर नजर टाकलेली बरी.